प्रकाशसक्रिय नॅनोपदार्थ व कर्करोगोपचार

प्रकाशसक्रिय नॅनोपदार्थ म्हणजे एरवी शरीरात निष्क्रिय राहणारे, परंतु ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडताच उष्णता निर्माण करणारे किंवा ऑक्सिजनला अतिक्रियाशील रूप देणारे अतिसूक्ष्म कण होत. त्यांचा आकार सामान्यतः काही नॅनोमीटरपासून सुमारे दीडशे नॅनोमीटरपर्यंत असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणून या शास्त्राला मराठीत ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असेही म्हणतात. कर्करोगाच्या गाठीत असे कण साठू द्यायचे आणि तेवढ्याच भागावर लेसरचा प्रकाश टाकून गाठीतील पेशी नष्ट करायच्या, या तत्त्वावरील उपचारपद्धतींचे संशोधन विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर चालू आहे. सिलिकाच्या गोल कणावर सोन्याचा पातळ थर देऊन तयार केलेले ‘सुवर्ण नॅनोकवच’ हे या वर्गातील विशेष अभ्यासले गेलेले आणि रुग्णांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेले उदाहरण आहे.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही एकाच गोष्टीतून उद्भवतात. कण व प्रकाश एकाच जागी, एकाच वेळी उपस्थित असतील तरच परिणाम घडतो. त्यामुळे शरीराचा उरलेला भाग सुरक्षित राहतो. पण ज्या ठिकाणी प्रकाश नेता येत नाही किंवा पुरेसे कण जात नाहीत, तेथे हा उपचार कुचकामी ठरतो.

उपचारामागील कल्पना

रसायनोपचारात, म्हणजे केमोथेरपीत, औषध रक्तावाटे सर्व शरीरभर जाते. ते वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारते. मात्र केसांची मुळे, अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर यांतील पेशीही वेगानेच विभागत असल्याने त्यांनाही झळ पोहोचते. किरणोपचारात किरण गाठीपर्यंत जाताना वाटेतील निरोगी ऊतींतून जातात. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर तिच्या लगतचा भागही काढावा लागतो. या तिन्ही उपचारांनी असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले आहेत. परंतु त्यांची किंमत रुग्णाच्या निरोगी अवयवांना मोजावी लागते आणि ती कमी कशी करता येईल, हा कर्करोगशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे.

प्रकाशसक्रिय पदार्थांचे उत्तर बँकेतील लॉकरच्या व्यवस्थेसारखे आहे. एक किल्ली खातेदाराकडे व दुसरी बँकेकडे असते. दोन्ही लावल्यावाचून कप्पा उघडत नाही. येथे कण ही पहिली किल्ली आणि प्रकाश ही दुसरी. यकृतात जाऊन बसलेल्या कणांवर प्रकाश पडत नाही म्हणून ते काही करीत नाहीत, आणि कण नसलेल्या स्नायूवर पडलेला सौम्य प्रकाश त्या स्नायूला इजा करीत नाही.

दुसरी किल्ली फिरल्यानंतर पुढे काय होते, यावरून दोन प्रमुख प्रकार पडतात. प्रकाशगतिक उपचारात प्रकाशसंवेदक रेणू प्रकाशाची ऊर्जा शोषून ती जवळच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून निर्माण होणारा ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ अत्यंत क्षणजीवी असतो. पेशीच्या आकाराच्या मानाने अगदी थोडे अंतर जाईपर्यंत तो संपतो, पण तेवढ्यात वाटेतील मेद व प्रथिने जाळून टाकतो. प्रकाश-औष्णिक उपचारात ऑक्सिजनचा संबंध नसतो. कण प्रकाश शोषतो, तापतो आणि भोवतालच्या पेशींना तापवतो. सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअस तापमान बराच वेळ टिकले तर पेशी दुबळ्या होतात. ५० अंशांच्या पुढे त्या काही मिनिटांत मरतात आणि ६० अंशांच्या आसपास, उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट व्हावा तशी, त्यांतील प्रथिने गोठतात.

पूर्वपीठिका

प्रकाशाने रोग बरा करण्याच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांच्यापासून मानली जाते. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाने केलेल्या उपचारांसाठी त्यांना १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यात बाहेरून दिलेला कोणताही संवेदक पदार्थ नव्हता.

संवेदकाचा शोध म्यूनिकमध्ये लागला, आणि तो शोधायला कोणी बसले नव्हते. हेर्मान फोन टापाइनर यांच्या हाताखाली शिकणारा ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर होणारा परिणाम तपासत होता. त्याच द्रावणात जीव कधी लवकर मरत, तर कधी बराच काळ जगत. हा फरक खोलीतील उजेडामुळे पडतो हे त्याच्या लक्षात आले व १९०० मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रयोगातील विसंगती ‘चूक’ म्हणून टाकून न देता तिच्याकडे निरखून पाहण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९०३ मध्ये टापाइनर व येसिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिन हा रंग लावून त्यावर प्रकाश टाकण्याचे प्रयोग केले. या क्रियेला ऑक्सिजन आवश्यक असतो, हेही टापाइनर यांच्याच गटाने दाखवून दिले.

माणसाच्या शरीरात संवेदक भिनल्यावर काय होते, याचा पुरावा फ्रीड्रिख मायर-बेट्झ या जर्मन वैद्याने स्वतःच्या देहावर मिळविला. १९१२ मध्ये त्याने हिमॅटोपॉर्फिरिन हे द्रव्य २०० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत स्वतःच्या शिरेत टोचून घेतले. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा व हात विलक्षण सुजले आणि उन्हाविषयीची ही संवेदनशीलता दोन महिन्यांहून अधिक काळ टिकली. पुढील शंभर वर्षे या शाखेला छळणारी अडचण त्या प्रयोगातच दिसली होती: औषध गाठीतच राहत नाही, त्वचेतही राहते.

अमेरिकेतील बफेलो येथील रॉझवेल पार्क संस्थेत टॉमस डॉहर्टी यांनी १९७० च्या दशकात या उपचाराला वैद्यकीय रूप दिले. त्यांच्या कार्यातून आलेल्या ‘फोटोफ्रिन’ या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या व १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. औषध टोचल्यावर सुमारे दोन दिवसांनी ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश दिला जातो. रुग्णाला त्यानंतर किमान महिनाभर ऊन व प्रखर दिवे टाळावे लागतात. आजारातून उठलेल्या माणसाला महिनाभर खिडकीशीही न बसण्याची शिक्षा ही लहान म्हणता येणार नाही. शिवाय ६३० नॅनोमीटरचा प्रकाश ऊतींत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. अधिक खोल जाणारा प्रकाश शोषणारा आणि त्वचेत न रेंगाळणारा पदार्थ हवा होता. नॅनोपदार्थांकडे संशोधक वळले ते मुख्यतः या गरजेतून.

प्रकाशाची खिडकी

अंधारात विजेरीवर तळहात ठेवला असता हात लालसर उजळलेला दिसतो. निळा व हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, लाल प्रकाश मात्र बराचसा पार होतो. लाल रंगाच्या पुढे, डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट अवरक्त पट्ट्यात, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान हिमोग्लोबिनचे शोषण कमी झालेले असते आणि पाण्याचे शोषण अजून फारसे वाढलेले नसते. या पट्ट्याला ‘जैविक खिडकी’ म्हणतात. याहून लांब, सुमारे १००० ते १३५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात दुसरी एक खिडकी आहे व अलीकडच्या संशोधनाचा रोख तिकडेही वळला आहे.

खिडकी म्हटले तरी ती स्वच्छ काचेची नव्हे, धुरकट काचेची आहे. ऊतींत प्रकाश केवळ शोषला जात नाही, तर दुधात टाकलेल्या प्रकाशझोतासारखा सर्व दिशांना विखुरतो. बाहेरून टाकलेल्या प्रकाशाचा उपचारास पुरेसा अंश व्यवहारात सेंटीमीटरभर खोलीपर्यंतच पोहोचतो. म्हणून त्वचा, तोंड, घसा यांसारख्या जागा सोडल्यास बारीक प्रकाशतंतू दुर्बिणीतून किंवा सुईतून गाठीपर्यंत न्यावा लागतो.

सोने आणि प्रकाश

दागिन्यातील सोने पिवळे दिसते, पण त्याचेच काही नॅनोमीटर आकाराचे कण पाण्यात तरंगत असले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अशी द्रावणे तयार करून त्यांचा अभ्यास मांडला. त्यांच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. त्याही आधी, चौथ्या शतकातील रोमन कारागिरांनी केलेला आणि आता ब्रिटिश म्यूझियममध्ये असलेला लायकर्गसचा पेला बाहेरून हिरवा, तर आत दिवा ठेवल्यावर लाल दिसतो, तो काचेत विखुरलेल्या सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे. कारण ठाऊक नसतानाही कारागिरी साधली होती.

कारण असे, की धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत्-क्षेत्राबरोबर मागेपुढे हेलकावतात. झोपाळ्याला योग्य तालात धक्का दिला की त्याचा झोका वाढत जातो. तसेच एका ठरावीक तरंगलांबीला हे हेलकावे कमाल होतात व कण तो प्रकाश अतिशय जोराने शोषतो. याला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. गोलाकार कणांच्या शोषणाचे गणित गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये मांडले. साध्या गोल सुवर्णकणांत हे अनुस्पंदन सुमारे ५२० नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात घडते. तो प्रकाश जैविक खिडकीच्या बाहेरचा. सोने तापायला तयार, पण त्याला लागणारा प्रकाश शरीरात शिरत नाही, असा हा पेच होता.

पेच सुटला तो कणाचा घाट बदलून. कण लांबट कांडीच्या आकाराचा, पोकळ किंवा कवचासारखा केला, तर त्याचे अनुस्पंदन लाल व अवरक्त प्रकाशाकडे सरकते. द्रव्य तेच, रसायन तेच. केवळ आकृती बदलल्याने गुणधर्म बदलतो, हे या शास्त्रातील सर्वांत चित्तवेधक तत्त्व म्हणावे लागेल. अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील मुस्तफा अल्-सय्यद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुवर्णकांड्यांवर आणि टेक्सासमधील राइस विद्यापीठात नेओमी हॅलस यांनी कवचांवर काम केले.

सुवर्ण नॅनोकवच: प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

हॅलस यांच्या गटाने १९९८ मध्ये सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढविण्याची रीत प्रसिद्ध केली. गाभ्याचा व्यास आणि कवचाची जाडी यांचे प्रमाण बदलले की कण कोणता प्रकाश शोषील हे हवे तसे ठरविता येते. उपचारासाठी वापरलेल्या कणांत गाभा सुमारे १२० नॅनोमीटर, त्यावरील सोने साधारण १५ नॅनोमीटर जाड व एकूण व्यास दीडशे नॅनोमीटरच्या आसपास असतो. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचा थर देतात. रक्तातील भक्षक पेशींना कण लवकर ओळखू येऊ नयेत, हा त्याचा हेतू.

जैवअभियंत्या जेनिफर वेस्ट यांच्या सहकार्याने या कणांचे वैद्यकीय प्रयोग झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी कणांसह ठेवून त्यांच्यावर ८२० नॅनोमीटरचा प्रकाश टाकला असता त्या मेल्या. त्याच निबंधातील उंदरांच्या प्रयोगात कण असलेल्या गाठींचे तापमान ४ ते ६ मिनिटांत सरासरी ३७.४ अंश सेल्सिअसने वाढले. कण न दिलेल्या गाठींत तेवढ्याच प्रकाशाने ही वाढ १० अंशांहून कमी होती. दोन किल्ल्यांची गरज येथे आकड्यांत दिसते. मात्र या प्रयोगात कण थेट गाठीत टोचले होते. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ते उंदरांच्या शेपटीच्या शिरेतून देण्यात आले आणि ६ तासांनी बाहेरून लेसर दिला गेला. उपचार केलेल्या सर्व उंदरांतील गाठी विरल्या व ९० दिवसांहून अधिक काळ ते गाठीविना जगले.

उंदराच्या कातडीखालची वाटाण्याएवढी गाठ आणि माणसाच्या शरीरातील खोल गाठ यांत मोठे अंतर असते. ते अंतर कापायला आणखी पंधरा वर्षे लागली. कणांच्या विकासासाठी स्थापन झालेल्या ‘नॅनोस्पेक्ट्रा बायोसायन्सेस’ या कंपनीने आरंभी डोके व मान यांच्या कर्करोगात चाचणी हाती घेतली. त्यानंतर लक्ष वळले ते पुरुषांतील पुरःस्थ ग्रंथीकडे, म्हणजे प्रोस्टेटकडे.

या ग्रंथीची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. लघवी रोखून धरणारा स्नायू आणि लैंगिक क्षमतेशी निगडित नसा तिला अगदी चिकटून असतात. संपूर्ण ग्रंथी काढल्यास किंवा तिला किरण दिल्यास कर्करोग आटोक्यात येतो, पण अनेक रुग्णांना लघवीवरील ताबा सुटणे व नपुंसकत्व यांना सामोरे जावे लागते. प्राथमिक अवस्थेतील अनेक गाठी इतक्या सावकाश वाढतात, की केवळ देखरेख ठेवली तरी चालते. पण ‘पोटात कर्करोग आहे आणि काही करायचे नाही’ हे ऐकून स्वस्थ बसणे सर्वांना जमत नाही. या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे ग्रंथी तशीच ठेवून फक्त गाठ जाळणे.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील अर्देशिर रास्तिनेहाद, हॅलस आणि सहकारी यांनी केलेल्या प्राथमिक चाचणीचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी किंवा मध्यम धोक्याचा व ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेले १६ रुग्ण तीत होते. रुग्णाला आदल्या दिवशी शिरेतून कण दिले जात. दुसऱ्या दिवशी एमआरआय प्रतिमा आणि अल्ट्रासाउंड यांची सांगड घालून गाठीची नेमकी जागा ठरवीत व मूलाधाराच्या भागातून प्रकाशतंतू गाठीत सरकवून सुमारे ८१० नॅनोमीटरचा लेसर देत. १६ पैकी १५ रुग्णांत, म्हणजे ९४ टक्क्यांत, ठरविल्याप्रमाणे गाठीचे दहन करता आले. लघवीच्या तक्रारी व लैंगिक क्षमता यांच्या मोजमापात उपचारापूर्वी व नंतर लक्षणीय फरक आढळला नाही. गंभीर गुंतागुंत झाली नाही.

या निष्कर्षाचा अर्थ मर्यादित आहे. ही चाचणी उपचार शक्य व सुरक्षित आहे का, एवढेच तपासण्यासाठी होती. तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नव्हता, आणि प्रोस्टेटच्या सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात वर्षभराच्या पाठपुराव्यावरून आयुष्य वाढले की नाही हे सांगता येत नाही. वृत्तपत्रांतून ‘कर्करोगावर सोन्याची गोळी’ अशा थाटात आलेल्या मथळ्यांशी मूळ निबंधातील संयत भाषेचा मेळ बसत नाही. आणखी एक वेगळेपण असे, की हे कण स्वतः रासायनिक क्रिया करीत नसल्याने अमेरिकी नियमांत त्यांची गणना औषधात न होता वैद्यकीय उपकरणात होते.

गाठीपर्यंतचा प्रवास

कण गाठीत का साठतात, याचे प्रचलित स्पष्टीकरण जपानमधील यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दिले. गाठ घाईघाईने वाढत असल्याने तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या व सच्छिद्र असतात, त्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपतात, आणि लसीकावाहिन्यांची व्यवस्था अपुरी असल्याने ते तेथेच अडकून राहतात. जवळजवळ तीन दशके नॅनोवैद्यकाची इमारत या पायावर उभी होती.

कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील ११७ शोधनिबंधांचा आढावा घेतला, तेव्हा शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. हजार कण दिले तर सात पोहोचतात. उरलेले बहुतांशी यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी गिळतात. याच गटाने २०२० मध्ये असेही दाखविले, की गाठीत शिरणारे बहुतेक कण रक्तवाहिन्यांच्या फटींतून झिरपत नसून वाहिनीच्या पेशी त्यांना आतून पलीकडे पोहोचवितात. अर्थात सच्छिद्र वाहिन्यांच्या कल्पनेला मोठा धक्का बसला. कणांवर गाठीला ओळखणारी प्रतिपिंडे चिकटवून नेम सुधारण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण तशा कणांचे प्रमाणही या आढाव्यात फार वाढलेले दिसले नाही.

येथे प्रकाशसक्रिय कणांची बाजू इतर नॅनो-औषधांपेक्षा काहीशी बळकट ठरते. वाट चुकून यकृतात गेलेला केमोथेरपीचा कण तेथेही विष सोडतो. वाट चुकलेला सोन्याचा कण अंधारात पडून राहतो.

इतर नॅनोपदार्थ

सोन्याखेरीज कार्बनच्या नॅनोनळ्या, ग्राफीन, पॉलिडोपामीन यांसारखे प्रकाश शोषून तापणारे अनेक पदार्थ प्राण्यांवर तपासले गेले आहेत. लांब व ताठ नॅनोनळ्या उंदरांत ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात असे २००८ मध्ये आढळल्याने त्यांच्याविषयीचा उत्साह ओसरला.

प्रकाशगतिक उपचारात संवेदक रेणू मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून देण्याची पद्धत रुळली आहे. २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘व्हिझुडाइन’ हे याच प्रकारचे औषध. मात्र ते कर्करोगासाठी नसून दृष्टिपटलाच्या एका विकारासाठी आहे. पॉर्फिरिन मेदालाच जोडून त्याची पुटिका बनविण्याची युक्ती टोरोंटोच्या गांग झेंग यांनी २०११ मध्ये मांडली. यिटर्बियम, एर्बियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेले ‘ऊर्ध्वरूपांतरक’ कण ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन दृश्य प्रकाश बाहेर टाकतात, व तो प्रकाश शेजारच्या संवेदकाला जागे करतो. मोठ्या गाठींच्या गाभ्यात ऑक्सिजनच तुटपुंजा असल्याने प्रकाशगतिक क्रिया तेथे मंदावते. त्यावर उपाय म्हणून गाठीतील हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ऑक्सिजन सोडणारे मँगनीज डायऑक्साइडचे कणही बनविले गेले आहेत.

नॅनोकण नसलेली, पण याच तत्त्वावरील दोन औषधे प्रत्यक्ष वापरात आली आहेत. पॅडेलिपॉर्फिन या द्रव्याला २०१७ मध्ये युरोपीय संघात कमी धोक्याच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी, तर प्रतिपिंडाला संवेदक जोडून केलेल्या औषधाला २०२० मध्ये जपानमध्ये डोके व मान यांच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये एक लक्षणीय प्रयोग प्रसिद्ध केला. गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला असता त्रिकोणी, चपट्या सुवर्णकणांचे प्रमाण मोठे असलेले मिश्रण तयार होते, व त्रिकोणी घाटामुळे हे कण निकट अवरक्त प्रकाश जोरदार शोषतात. घरोघरी चहात पडणाऱ्या पातीने हे काम साधले, म्हणून तो प्रयोग सामान्य वाचकांतही चर्चिला गेला. त्याचे खरे महत्त्व मात्र विषारी रसायनांवाचून आकारावर नियंत्रण मिळविण्यात आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रोहित श्रीवास्तव, अरविंद रंगन व सहकारी आणि नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन केंद्रातील अभिजित डे यांनी २०१५ मध्ये लायपोसोमवर सोने चढविलेल्या कणांचा निबंध प्रसिद्ध केला. ७५० नॅनोमीटरच्या लेसरने उंदरांतील गाठी पूर्णपणे नष्ट झाल्या. याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे: हे कण यकृताच्या पेशींत विघटित होऊन पित्तावाटे व मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर टाकले जातात, असे आढळले. सिलिकावरील नॅनोकवचे दीर्घकाळ यकृतात व प्लीहेत राहत असल्याने, मुंबईच्या कणांनी त्या पद्धतीच्या एका मर्मावरच बोट ठेवले.

आयुर्वेदातील सुवर्णभस्माचा या संदर्भात वारंवार उल्लेख होतो. भस्माच्या काही नमुन्यांत नॅनो आकाराचे सुवर्णकण आढळले आहेत, हे खरे. परंतु भस्म तोंडाने घेतले जाते, त्यातील कणांचा घाट अवरक्त प्रकाश शोषण्यासाठी घडविलेला नसतो आणि उपचारात प्रकाशाचा वापर होत नाही. म्हणून त्याला या पद्धतीचे पूर्वरूप म्हणणे किंवा येथील निष्कर्षांचा आधार देऊन कर्करोगावर त्याची शिफारस करणे शास्त्राला धरून होणार नाही.

सुरक्षितता व सद्यःस्थिती

सोने रासायनिक दृष्ट्या उदासीन असल्याने कणांची तत्काळ विषबाधा सहसा दिसत नाही. वर्षानुवर्षे शरीरात राहणाऱ्या कणांचा परिणाम, वारंवार उपचार केल्यास होणारा साठा आणि कारखान्यात प्रत्येक खेपेस एकाच आकाराचे कण बनविण्याची अडचण हे प्रश्न उरतात. कवचाची जाडी थोडी जरी बदलली तरी शोषणाची तरंगलांबी सरकते व ठरलेला लेसर निरुपयोगी होतो. तापमान मोजणे हेही कठीण काम आहे: कमी तापले तर कडेच्या पेशी वाचतात व गाठ पुन्हा वाढते, जास्त तापले तर शेजारचा अवयव भाजतो. त्यासाठी एमआरआयने तापमानाचा नकाशा पाहत लेसर देण्याच्या पद्धती वापरल्या जातात.

रक्ताचा कर्करोग किंवा शरीरभर पसरलेली गाठींची लागण यांवर हा उपचार थेट लागू पडत नाही. प्रत्येक गाठीपर्यंत प्रकाशतंतू नेणे शक्य नसते. गाठ जाळल्यावर बाहेर पडणारे पेशींचे अवशेष शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला जागृत करतात व दूरच्या गाठींवरही परिणाम होतो, असे काही प्राणिप्रयोगांत दिसले असून प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या औषधांच्या जोडीने हा मार्ग तपासला जात आहे.

प्रकाश-औष्णिक नॅनोकणांचा उपचार अद्याप चाचण्यांच्या पातळीवर आहे. तो शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोथेरपी यांची जागा घेणारा प्रस्थापित उपचार नाही. ‘नॅनो’ किंवा ‘लेसर’ या शब्दांनिशी होणाऱ्या जाहिरातींतील उपचार आणि येथे वर्णिलेल्या नियंत्रित चाचण्या या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या चाचणीत सहभागी होण्याची इच्छा असल्यास तिची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणी नोंदवहीत आहे किंवा कसे, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणीकृत चाचणीत रुग्णाला त्याच्या भाषेत माहितीपत्र देणे व लेखी संमती घेणे बंधनकारक असते, आणि कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याचा अधिकार रुग्णाकडे राहतो.